याला शेक का म्हणतात?

“खूप भाजतं का हो काकू?” गेल्या सहा महिन्यांत रेडिएशनबद्दलचा, म्हणजे आपल्याकडच्या ‘शेका’बद्दलचा, हा प्रश्न इतक्या जणींनी विचारलाय, की समोरचीनं तोंड उघडायच्या आधीच मी ‘नाही’ म्हणते. मग जरा थांबून ‘तेव्हा नाही’ असं सांगते. त्या ‘तेव्हा’साठी आजची ही पोस्ट.

एरवी इथे मी ब्लाउज शिवण्याचं, म्हणजे कटोरीचं, गळ्याच्या पट्टीचं, धुतल्यावर आखडणाऱ्या अस्तराचं लिहिते. गेल्या वर्षीच्या श्रावणापासून काहीच लिहिलं नाही, कारण डाव्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये स्तन राखला, गाठ काढली, काख साफ केली, म्हणजे तिथल्या गाठी काढल्या. त्यांतल्या दोन गाठींमध्ये आजार होता. त्यावर आठ केमो, तीन-तीन आठवड्यांनी. केमोचं सगळ्यांनाच माहीत असतं. केस, तोंड येणं, ते लाल औषध बाटलीत बघूनच ढवळायला लागणं. मी त्यात भर घालत नाही. आठवी केमो झाली तेव्हा आमचे हे म्हणाले, “चला, आता नुसता शेक राहिला.”

शेक हा शब्द या अर्थानं मी पहिल्यांदा १९९८ साली ऐकला, मामीच्या वेळी. तिला पंचवटी एक्सप्रेसनं मुंबईला नेलं होतं. परळला टाटामध्ये शेक, राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, असे सहा आठवडे. परत आल्यावर तिनं पदर कधी खांद्यावरून हलू दिला नाही. आम्ही विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. माझ्या डोक्यात शेक म्हणजे बाळंतिणीचा: बाजेखाली शेगडी, निखाऱ्यावर ओवा आणि बाळंतशेपा, आणि आईचा हात पाठीवरून फिरतोय. पाठ शेकली की झोप लागायची.

त्यामुळे पहिल्या दिवशी मशीनच्या खोलीत शिरले आणि थंडीनं कुडकुडले. एसी असा की दात वाजावेत. जाड दरवाजा, वर फिरणारं मोठं थोरलं मशीन, आणि अंगावर कमरेपर्यंत काही नाही. किरण सुरू झाले तेव्हा नुसता घूंऽ आवाज आला. गरम नाही, गार नाही, टोचत नाही. मिनिट-दोन मिनिटांत मशीन बंद. मी मशीन चालवणाऱ्या मुलाला विचारलं, “सुरू कधी करणार?”

पण त्याआधीचं प्लॅनिंग सांगायला हवं. तिथे माझा जीव रमला होता, खोटं कशाला बोलू.

प्लॅनिंगला सीटी स्कॅनच्या टेबलावर एका तिरप्या फळीवर झोपवतात, हात डोक्यामागे. माझा डावा हात तिथवर जायला ऑपरेशननंतर भिंतीवर बोटं चढवत सात आठवडे काढले होते, त्याचं चीज त्या दिवशी झालं. मग तो टेक्निशियन मुलगा मार्करनं माझ्या अंगावर रेघा ओढायला लागला. मी वाकड्या मानेनं त्याचा हात बघत होते. रेघ सरळ, हात न थांबता. मी कापड बेतताना खडूनं करते त्याच खुणा: मध्य, कड, मुंढा. मार्कर पुसतो म्हणून सुईनं शाईचे तीन ठिपकेही केले, कायमचे. माझ्या आजीच्या हातावर तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं. नातीच्या वाट्याला तीन टिंबं आली.

डॉक्टर मॅडमना मी विचारलं, “माया किती सोडता?” त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हटलं, शिवणीबाहेर कापड सोडतो ना आम्ही, ती माया. मग त्या हसल्या आणि नीट सांगितलं. जिथे किरण द्यायचेत ती जागा, तिच्याभोवती थोडी जास्त, शिवाय माणूस रोज काही मिलिमीटर इकडे-तिकडे झोपतोच, म्हणून आणखी थोडी. सर्जनही गाठीभोवतीचं चांगलं मांस घेतात ते याच हिशोबानं. म्हणजे मायाच की.

डावी बाजू असल्यामुळे श्वासाची भानगड होती. सव्वीस वर्षं मी बायकांना सांगत आलेय, “माप घेताना श्वास धरू नका, पोट आत ओढू नका, मग ब्लाउज घट्ट झाला म्हणून माझ्याशीच भांडाल.” इथे सगळं उलटं. छाती भरून श्वास घ्यायचा आणि वीसेक सेकंद धरून ठेवायचा. फुप्फुस फुगलं की हृदय छातीच्या भिंतीपासून लांब सरकतं आणि किरणांची वाट त्याला चुकते. पोटावर एक छोटी डबी ठेवतात, श्वास पुरेसा भरलाय की नाही ते त्यांना बाहेर पडद्यावर दिसतं. मी मनात हुक लावत बसायचे. एका ब्लाउजला सहा हुक. तिसऱ्या ब्लाउजचा सहावा हुक लावला की “सोडा मावशी” असा आवाज यायचा.

एकूण वीस सिटिंग होती. पंधरा दिवसांत चाळीस ग्रे, मग गाठीच्या जागेपुरते पाच दिवस बूस्ट, म्हणजे जादा डोस. मामीच्या वेळी हेच पंचवीस आणि वर बूस्ट असं असायचं. इंग्लंडमध्ये मोठे अभ्यास झाले आणि पंधरा पुरतात हे कळलं. आता काही जणींना पाच दिवसांतही देतात, पण ते कुणाला चालेल हे डॉक्टरच ठरवणार. ग्रे हे किरणांचं माप, एका ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या नावावरून. तिथे मशीनची मोजमापं बघणारे एक सर होते. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडली. शंभरेक वर्षांपूर्वी हे माप नव्हतं तेव्हा डॉक्टर कातडी किती लाल होते त्यावरून किरणांचा अंदाज घ्यायचे. म्हणजे कातडी हीच टेप! आताची मशीनं कातडीला बरीच सांभाळतात, किरणांचा जोर कातडीखाली दीडएक सेंटीमीटरवर सगळ्यांत जास्त असतो. बरीच सांभाळतात, पूर्ण नाही.

पहिले दोन आठवडे काही म्हणजे काही झालं नाही. सकाळी जायचं, दहा-पंधरा मिनिटांत बाहेर, दुपारी दुकानात बसून काज. मधेच रंगपंचमी आली. नाशिकची रंगपंचमी म्हणजे रहाडी, रंगाच्या पाण्याचे जुने हौद. यांचं लहानपण तिवंधा चौकाजवळ गेलं, त्यामुळे रहाडीत धप्पा, म्हणजे उडी, मारल्याशिवाय यांचं वर्ष सरत नाही, बासष्टाव्या वर्षीही. मी घरीच. मार्करची एक रेघ गळ्याच्या बाजूनं, हाडाच्या वरून जात होती, कारण मानेच्या मुळाशीही किरण होते. ती ब्लाउजच्या वर दिसायची. चार वर्षांचा नातू पिचकारी घेऊन समोर आला, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, “आजी, तुला आधीच कुणीतरी रंग लावलाय.” आणि गेला.

याच नातवावरून शेजारणीनं सुनेला हळूच सुचवलं होतं, की पोराला आजीजवळ झोपवू नका, किरण लागतात. असं काही नसतं. बाहेरून दिलेले हे किरण अंगात साठत नाहीत. दिवा मालवला की उजेड खोलीत उरतो का? तसंच. (काही उपचारांत किरणोत्सर्गी औषध पोटात देतात किंवा आत ठेवतात, तिथले नियम वेगळे.) पोरगं माझ्याच कुशीत झोपत होतं, फक्त उजव्या.

तिसऱ्या आठवड्यात छाती गुलाबी झाली, मग उन्हात रापल्यासारखी. खाज. थकवा असा, की खाली वाकून सुई उचलायची म्हणजे आधी बेत करावा लागे. डॉक्टर म्हणाल्या, झोपून राहू नका, रोज चाला, थकवा चालण्यानंच कमी होतो. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. पण पंचवटी कारंज्यापासून रामकुंडापर्यंत संध्याकाळी जायला लागले आणि फरक पडला, नाही म्हणत नाही. थकवा गेला नाही, पण रात्रीची झोप परत आली.

शेवटचं सिटिंग झालं तेव्हा पाडवा दोन दिवसांवर होता. पेढे वाटले. हातात कागद मिळाला: चार आठवड्यांनी दाखवायला या, त्वचेची नेहमीची काळजी घ्या. पाडव्याला मी गुढीला नवी खणाची चोळी शिवली आणि घरात सगळे म्हणाले, सुटलो.

आणि मग सुरू झालं.

पाडव्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी काखेत आणि स्तनाखालच्या दुमडीत कातडी काळी पडून सोलायला लागली. रामनवमीच्या आदल्या रात्री तिथून पाणी सुटलं. ब्लाउज चिकटला तो ओला करून सोडवावा लागला. आवाज दाबून ओरडले. शेक संपून आठवडा उलटला होता! मला वाटलं जंतू गेले, जखम चिघळली, काहीतरी भयंकर झालं.

हे असंच होतं, हे मला नंतर कळलं. ठरावीक प्रकार आहे, आणि त्याचं कारणही साधं आहे. कातडीची नवी पेशी सगळ्यांत खालच्या थरात तयार होते आणि वर यायला काही आठवडे घेते. किरणांचा फटका त्या खालच्या थराला बसतो. दुकानाच्या भाषेत सांगते: गिरणी बंद पडली तरी फळीवरचा माल काही दिवस विकला जातो, गिऱ्हाइकाला काही कळत नाही. फळी रिकामी होते तेव्हा गिरणी बंद पडून महिना झालेला असतो. म्हणून कातडी शेवटच्या सिटिंगनंतर आठवडा-दोन आठवड्यांनी सगळ्यांत वाईट असते आणि तिथून पुढे भरायला लागते. दुमडीत आणि काखेत जास्त, कारण तिथे कातडीवर कातडी, घाम, घासणं. कापडही आधी दुमडीतच विरतं.

माझी चूक इथे झाली. ‘उपचार संपलेत, आता कुठे त्यांना त्रास द्यायचा’ म्हणून मी तीन दिवस फोनच केला नाही. त्या तीन दिवसांत जाऊबाईंनी कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी आणलं आणि मी गच्चीतली कोरफड कापून चोळली. ओल्या जखमेवर. पुढचं विचारू नका. सिटिंग चालू असताना सगळं पाळलं होतं, हळद नाही, चंदन नाही, पावडर नाही, काखेत रेझर नाही, कोमट पाणी, साधा साबण, पंचानं नुसतं टिपायचं, दिलेलं सौम्य स्टेरॉइडचं मलम पातळ लावायचं. नेमकं गरज होती तेव्हा सोडलं. चौथ्या दिवशी फोन केला तर सिस्टर म्हणाल्या, “अहो मावशी, लगेच यायचं ना.” सलाइनच्या पाण्यानं धुतलं, मलम लावलं, न चिकटणारी जाळीची पट्टी ठेवली. दहा मिनिटांचं काम.

हे आधी सांगितलंच नाही, असं मी म्हणणार नाही. प्लॅनिंगच्या दिवशी दहा-बारा गोष्टी सांगितल्या होत्या, त्यात असेलही. पण केमोतून आलेल्या बाईच्या डोक्यात दहाव्या नंबरची गोष्ट राहते का? शेवटच्या दिवशी, पेढे घेताना, एक वाक्य पुरलं असतं.

आता माझ्या धंद्याचं. त्या दिवसांत बाजारातली ब्रा घालणं शक्य नव्हतं, आणि काही न घालता दुमड सुटी राहत नाही. मी कापड पेठेतून मलमल आणली, खळ जाईपर्यंत दोनदा धुतली आणि बंडी शिवली. पुढून नाडीनं बांधायची, हुक-काज नाही. बाही अंगाच्याच कापडात अखंड बेतलेली, म्हणजे मुंढ्याला जोड येत नाही. डावा मुंढा दीड इंच खाली उतरवलेला. बाजूच्या शिवणी उलट्या, माया बाहेर. छातीखाली मऊ घडीचा रुमाल सरकवायला आतून एक पट्टी, दुमड कोरडी राहावी म्हणून. रंग पांढरा किंवा अबोली, डाग लगेच दिसतो आणि कळतं पाणी सुटतंय का. चैत्राच्या त्या उन्हात मी अशा सहा बंड्यांवर दिवस काढले. कामदा एकादशीला रामाचा आणि गरुडाचा रथ निघाला तेव्हा मी तशीच, वरून ओढणी घेऊन गॅलरीत उभी होते. मग काही दिवसांनी पट्टी काढल्यावर काळ्या सालींच्या मधोमध गुलाबी कातडी दिसली, नातू जन्मला तेव्हाच्या त्याच्या टाचांसारखी. पुढच्या दोन आठवड्यांत भरून आलं.

कातडी ही दिसणारी गोष्ट. न दिसणारी जूनमध्ये आली. कोरडा खोकला, जिना चढताना धाप, संध्याकाळी कणकण. पाऊस सुरू झालेला, घरात सगळ्यांनाच खोकला, म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांकडून अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. उपयोग शून्य. शेवटी कॅन्सरच्या मॅडमनी सीटी काढला आणि मला पडद्यावर दाखवला. डाव्या फुप्फुसाच्या वरच्या बाजूला पांढुरका डाग, आणि त्याची एक कड अगदी सरळ. मी बघताक्षणी म्हटलं, “ही तर बेतलेली आहे.” तेच होतं. किरणांच्या कडेला लागलेल्या फुप्फुसाची सूज. फार थोड्या जणींना येते, आणि येते ती बहुधा शेक संपल्यावर एक ते तीन महिन्यांत, कधी सहापर्यंत. स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या, आणि त्या हळूहळू कमी करत न्यायच्या, एकदम सोडायच्या नाहीत हे दहादा बजावलं. या वेळी मी दहाही वेळा ऐकलं. खोकला गेला. तुम्हाला शेक झाला असेल आणि नंतर असा खोकला आला, तर गल्लीतल्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा, की मला छातीवर रेडिएशन झालंय. मी सांगितलं नव्हतं. त्यांना बिचाऱ्यांना कसं कळणार.

डावा स्तन आता उजव्यापेक्षा घट्ट आहे आणि अर्धा इंच वर. ते तसंच राहील म्हणतात, कदाचित आणखी आखडेल. रोज संध्याकाळी हार्मोन दाबणारी गोळी, तिनं सकाळी बोटं धरतात. डाव्या बोटाला सुई टोचू द्यायची नाही, कारण काख साफ केलेल्या हातात जंतू गेले तर हात सुजतो. त्यामुळे लग्नाआधी आईनं दिलेलं पितळेचं अंगुस्तान शोधून काढलं. दर महिन्याच्या एक तारखेला दोन्ही दंडांचं माप घेते, कोपरापासून दहा सेंटीमीटर वर, कारण दोन सेंटीमीटरचा फरक पडला की दाखवायला जायचं. सव्वीस वर्षं टेप गळ्यात आहे, पण तिच्या सेंटीमीटरच्या बाजूला मी कधी हात लावला नव्हता.

परवा दुकानात दिंडोरीकडची एक बाई आली. माझ्या एका मैत्रिणीनं पाठवलेली. नवरात्राची गर्दी, दोन्ही पोरी मशीनवर, नऊ रंगांच्या ब्लाउजपिसांचे ढीग. तिनं पिशवीतून मोरपंखी खण काढला. “उद्या माझे लाइट संपतात,” म्हणाली. त्यांच्याकडे शेकाला लाइट म्हणतात, ते जास्त बरोबर वाटतं मला. “दसऱ्याला हा घालायचाय.”

मी टेप काढली नाही. मलमलीच्या दोन बंड्या कागदात बांधून दिल्या, आणि सिस्टरांचा नंबर तिच्या फोनमध्ये आहे ना ते बघितलं.

“आणि माप?”

म्हटलं, तीन आठवड्यांनी या. दिवाळीला घाला.